खोली पाहायला आलेली मावशी

“उभ्यानं जागा समजत नसते, सिस्टर. लेटून पाहा लागते,” असं म्हणून मावशी सरळ आडवी व्हायची.

वर्ध्याच्या ज्या दवाखान्यात मी नर्स होते, तिथे ती आया होती. चादर बदलली की पेशंट यायच्या आधी ती क्षणभर स्वतःच पलंगावर आडवी होई आणि मग पंखा वळव, पडदा सरकव, असं काहीबाही करी. मी नवी होते, नियम पाठ होते, म्हणून तिच्यावर डाफरत असे. “पेशंटले दिवसभर काय दिसते, ते आपण नको का पाहाले?” ती विचारी. मग मी आणखी डाफरे. तुमच्याही कामाच्या ठिकाणी अशी एखादी मावशी असेल. शिकलेले आपण असतो आणि शहाणी ती असते.

मला पुण्यात नोकरी लागली तेव्हा बाबांनी अट घातली. सोमवारी रुजू व्हायचं होतं. रविवार संध्याकाळपर्यंत बरी खोली मिळाली नाही, तर नोकरी सोडून घरी, देवळीला परत यायचं आणि आलेल्या स्थळाला होकार द्यायचा. त्या घरच्यांना सून घरात बसणारी हवी होती. बाबा कापूस वेचणीत अडकलेले, मग सोबत कोण जाणार? मावशीने दोन दिवसांची सुट्टी टाकली आणि पोळ्या बांधून माझ्याबरोबर गाडीत बसली.

मी मोबाइलवर ‘स्टुडिओ अपार्टमेंट’ शोधून ठेवली होती. हा शब्द त्या आठवड्यात मी अर्ध्या देवळीला ऐकवला होता. मावशीने विचारलं, “म्हंजे कसं असते ते?”

“एकच खोली. तिच्यातच ओटा, तिच्यातच पलंग, कोपऱ्यात न्हाणी.”

ती पोळ्यांचं फडकं सोडू लागली. “मंग आमी पाच जणं तीस वर्सं स्टुडिओतच राहून राह्यलो की.”

मला गॅलरी हवी होती, सकाळचं ऊन हवं होतं आणि दवाखाना चालत जाण्याइतका जवळ हवा होता. शनिवारी दुपारी गॅलरी सोडली, संध्याकाळी ऊन सोडलं, आणि रविवारी सकाळी मी ‘दाराला आतून कडी असली तरी चालेल’ इथवर आले. फोटोत ऐसपैस दिसणारी एक जागा तर आमच्या घरच्या न्हाणीहून जेमतेम मोठी निघाली. प्रत्येक ठिकाणी मावशी फरशीवर आडवी होई. “नालीचा वास येते,” किंवा “वर पंप वाजून राह्यला,” असा निकाल देई. एजंट माझ्याकडे पाही आणि मी भिंतीकडे, जणू ही बाई माझ्यासोबत आलेलीच नाही.

शेवटच्या जागी मालकीणबाईंनी विचारलं, “एकटीच राहणार? या कोण?”

“आमच्या कामवाल्या,” माझ्या तोंडून निघालं. मावशीची कापडी पिशवी, तिची बोली, तिचं ते फरशीवर लोळणं, सगळ्याची मला लाज वाटत होती.

मावशीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग मालकीणबाईंना म्हणाली, “हो बाई. ही लहान होती तवापासून मी इच्या घरी कामाले आहो. चांगल्या घरची पोरगी आहे. घरचे एकटीले पाठवत नाई कुठं.”

मालकीणबाईंचा चेहरा खुलला. मुलीसोबत माणूस पाठवणारं घर त्यांना पसंत पडलं, आणि भाडं माझ्या पगाराला झेपणारं निघालं. मावशी फरशीवर पडून छताकडे पाहत म्हणाली, “घ्या ताई. हवा येते.”

तिने आजवर मला कधी अहोजाहो केलं नव्हतं. जिन्यात माझ्या डोळ्यांत पाणी आलं. “जागा भेटली ना? मंग काऊन रडतं?” ती म्हणाली, आणि उरलेल्या पोळ्या माझ्या हातात देऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

पुढे अधूनमधून तिचा फोन येई. “येऊ का आठ दिवस? पुणं धड पाह्यलंच नाई.” खोली लहान आहे, असं मी सांगे. खोलीत आणखी एक गादी सहज मावली असती. मालकीणबाईंना काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं. तिला ते कळलं असावं. एकदा म्हणाली, “मालकीणबाईचं टेन्शन नको घेऊ. मी तिथं धुणं-भांडे करीन, मंग त्यायले खोटं नाई वाटणार.”

“पुढच्या महिन्यात ये,” मी म्हटलं.

पुढच्या महिन्यात ती गेल्याचाच फोन आला. वर्ध्याला निघाले तर मालकीणबाई दारात भेटल्या आणि माझे डोळे पाहून त्यांनी काय झालं ते विचारलं. खोली घेतल्यानंतर तीन वर्षांनी, तिथेच दारात, मी त्यांना खरं सांगितलं: ती आमच्याकडे कामाला कधीच नव्हती. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“मग इतक्या दिवसांत एकदाही राहायला बोलावलं नाहीस त्यांना?” त्यांनी एवढंच विचारलं.