निळं तीर्थ

आता माझी फजिती मीच सांगून टाकतो. गावाच्या तोंडून ऐकाल तर तिला शेपूटही फुटलेलं असेल!

माझ्या तोंडात पांढरे चट्टे आले होते. भाकरी सोडा, नुसतं वरण घेतलं तरी डोळ्यांत पाणी. आमच्या वडिलांचं, अप्पांचं, तोंडही शेवटी असंच झालं होतं, आणि त्याच उन्हाळ्यात ते गेले. घरात कुणी काही बोलेना. पण सगळे माझ्याकडे असे बघायचे, जणू मी भिंतीवरचा फोटोच!

शेवटी बिदर गाठलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका. कवळीखाली बुरशी वाढलीय. निळं औषध लावायचं, वर लाल उजेड सोडायचा. उजेड पडला की औषध काम करतं आणि बुरशी मरते."

मग छोट्या कपात निळं पाणी दिलं. "हे तोंडात फिरवा," म्हणाल्या आणि दिवा जोडायला वळल्या.

आता मी बिदरकडच्या मेहकरचा माणूस, पौर्णिमेला गाणगापूर न चुकवणारा. कुणी अदबीनं घोटभर पाणी पुढं केलं, की माझा उजवा तळवा आपोआप पुढं होतो! तळव्यावर घेतलं, डोळे मिटून प्यायलो, ओला हात टोपीखालून डोक्यावर फिरवला. पुन्हा घेतलं, पुन्हा प्यायलो. कप रिकामा!

"थुंका आता," बाई म्हणाल्या.

काय थुंकू? कपाळ? जरा निळी लाळ काढली आणि गप्प बसलो. एवढ्या शिकलेल्या बाईला कसं सांगायचं? चट्टे निळे झालेच होते. त्यांनी उजेड सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी बघतो तर काय, मोरपंखी! टोपी काढली, तर पिकले केसही निळे.

"अवो, हे काय व्हायलंय तुमाला?" बायको किंचाळली.

"विष चढायलंय, शांता. माणिकला बोलाव."

माणिक माझा धाकटा भाऊ. अप्पांनी लावलेल्या बांधावरच्या आंब्यावरून आमचं बोलणं बंद होतं. पण तो अनवाणी धावत आला.

"अण्णा, कामून असं करायलाव? मी हाय न्हवं!"

तो रडला, मी रडलो, जमलेले शेजारी रडले. मी त्याचा हात धरला. "माणिक, आंबा तुझा. अप्पाची शपथ."

तेवढ्यात शांतानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"त्यांनी औषध गिळलं का?" बाईंनी तिकडून विचारलं.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"व्हय... थोडं... सगळंच."

"अहो, त्याचाच रंग आहे तो! भरपूर पाणी प्या, उतरेल. काही त्रास वाटला तर मात्र लगेच या. आणि पुढच्या वेळी थुंका!"

मी खरंच गेलो असतो, तर लोक थोडा वेळ तरी बसले असते. एकेक शेजारी चपला शोधू लागला. माणिकनं डोळे पुसले.

"वाचलाव, लय बरं झालं," तो म्हणाला. मग खाली बघत, हळूच, "पर शपथ घेतलाव न्हवं?"

आता तोंड बरं आहे, चवही परत आली. आंबा यंदा लगडलाय. माणिक पाहुण्यांना हौसेनं झाड दाखवतो. "आमच्या अण्णानं मरताना दिलेलं हाय," म्हणतो. पाहुणे हळहळतात.

मी शेजारीच उभा असतो, त्यानं दिलेली कोय चोखत.