कंसाबाहेर काढलेलं

आमची स्टाफरूम एवढीशी, पण किस्से मावेनात! दर चहाला एकाची भर. बाकीचे हसतात. मी नववीला बीजगणित शिकवते, त्यामुळं माझं डोकंच सरकतं.

*

मंगळवार पेठेतला एक बाप थेट वर्गात घुसला. "ओ मॅडम, पोरगं म्हणतंय तुम्ही रोज अवयव पाडाय लावताय. ही शाळा हाय का खाटीकखाना?"

बहुपदीचे अवयव हो, बहुपदीचे! दिवाळी आली तरी या गृहस्थानं पोराचं पुस्तक उघडून बघितलं नव्हतं. आणि आवाज माझ्यावर!

*

त्या पोराचा क्लास तर त्याहून थोर. मी फळ्यावर x² + 7x + 6 दिलं. पठ्ठ्यानं झटक्यात लिहिलं, (x + 2)(x + 3).

"अरे, दोन नि तीन पाच होतात. मधल्या सातचं काय?"

"मॅडम, शेवटी सहा आलं की दोन-तीन लिवायचं. क्लासात मधलं बघत न्हाईत!"

आणि असल्या क्लासचे बोर्ड चौकाचौकात! संताप येतो नुसता.

*

सविता कळंब्याहून यायची. मधल्या पदाची फोड अचूक करायची, पण सामाईक अवयव काढला की हरवायची. 3x + 12 चे अवयव? उत्तर, (x + 4). बस्स!

"तीन कुठं गेले गं?"

"बाहेर काढले की."

"बाहेर काढले म्हणजे फेकून दिले काय? कंसाबाहेर लिहून ठेव, नाहीतर गणित चुकतंय!" मी इतकी ओरडले की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

*

वर्ष संपता संपता हेडसरांचं फर्मान आलं. दहावीचा निकाल शंभर टक्के पाहिजे. म्हणून नववीतल्या कच्च्या पोरांची नावं आत्ताच शाळेतनं काढायची, त्यांनी परीक्षेला बाहेरनं बसायचं. पहिलं नाव सविताचं!

मी भांडले. "तिला मी पास करून दाखवते," म्हटलं. "मॅडम, भावनेत वाहू नका," म्हणाले. अस्सा राग आला!

सविताला आईसकट बोलावलं. आई बिचारी उभीच. हेडसर गोड आवाजात म्हणाले, "घाबरायचं काही नाही. नुसतं बाहेर काढतोय. परीक्षा तर देणारच की."

सवितानं विचारलं, "मग शाळेच्या निकालात आमास्नी धरणार?"

"छे! त्यात कशाला?"

सवितानं एकदा माझ्याकडं बघितलं.

"मग गणित चुकतंय की, सर! बाहेर काढलेलं लिवून ठेवाय लागतंय!"