अण्णाच्या गाडीवरची लाल रेघ

अण्णाच्या फोनच्या दोन रिंगा मी कधीच उचलत नसे. दर शनिवारी सकाळी तो मोटरसायकल काढून बेंगळूरहून मुळबागलला डोसा खायला जायचा, पोचला की दोन रिंगा देऊन फोन कापायचा, आणि परतताना होस्कोटेला चहाला थांबला की पुन्हा दोन. पहिल्या दोनचा अर्थ पोचलो, दुसऱ्या दोनचा अर्थ भात टाक. त्या शनिवारी तांदूळ धुऊन मी फोनजवळ उभीच होते. अण्णाचं नाव उमटलं, एक रिंग झाली, दुसरी झाली, आणि मी पातेलं घेऊन वळले. मग तिसरी वाजली... मी तिथेच थिजले. फोन वाजून थांबला, परत वाजायला लागला. हा अण्णा नाही, एवढं मला कळलं होतं, म्हणून हात पुढे होईना. कितव्या खेपेला उचलला देव जाणे. एक अनोळखी माणूस कन्नडमध्ये विचारत होता, “हा फोन ज्यांचा आहे, त्यांच्या तुम्ही कोण?” बहीण, असं मी सांगितलं. त्याने माझ्या घरी आणखी कोण आहे ते विचारलं.

त्याला आता तीन महिने होत आले. अण्णा किती सज्जन होता, किती मदत करायचा, हे सगळे जण घरी येऊन बोलून गेले, ते मी पुन्हा लिहीत नाही. मला लिहायचंय ते मी पहिले सात आठवडे कोणाशीच बोलले नव्हते, त्याची मुलगी चित्रा हिच्याशीसुद्धा नाही. मला भीती वाटत होती. अण्णा माझ्यामुळे गेला, ही भीती.

आमचं घराणं काही पिढ्यांपूर्वी नव्हे, काही शतकांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. पुण्याहून आलेले आयटीवाले आमची मराठी ऐकून गालात हसतात, हसोत बापडे. अण्णा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये जन्म काढलेला. वहिनी गेल्यावर आणि चित्रा व्हाइटफील्डला राहायला गेल्यावर बसवनगुडीच्या घरात आम्ही दोघंच उरलो. मी शाळेत गणित शिकवायचे, लग्न केलं नाही. माझी जीभ तिखट आहे, वर्गातली दांडगी पोरं मला बघून रांगेत यायची, पण खरं सांगते, मी जन्माची भित्री. गॅस बंद आहे का ते मी तीनदा बघते, झोपायला गेले की चौथ्यांदा उठते. अण्णा म्हणायचा, “इंदे, तू घाबरून घे सगळ्यांच्या वाटचं, म्हणजे आम्ही निवांत.” आणि खरोखरच तो निवांत असायचा, त्याचाच मला संताप यायचा.

त्याची मोटरसायकल लग्नाआधी घेतलेली, चाळीस वर्षं जुनी. तिचा एकही नट परक्या हाताने आवळलेला त्याला खपत नसे. नट आवळला की त्यावरून बाजूच्या धातूपर्यंत तो एक बारीक रेघ ओढायचा. नट तसूभर जरी फिरला तरी रेघ मधोमध तुटते आणि दिसते. कारखान्यात त्यासाठी पांढरा रंग असायचा, घरी त्याने चित्राच्या लग्नातली उरलेली गडद लाल नेलपॉलिशची बाटली पकडली होती. प्रवासाला निघण्याआधी टॉर्च घेऊन, उकिडवा बसून, तो गाडीभोवती फिरत सगळ्या रेघा बघायचा. मग चहा. कुकरच्या मुठीवर, पंख्याच्या दांडीवर, माझ्या शिलाई मशीनवर, सगळीकडे त्याच्या लाल रेघा आहेत. ती बाटली अवजारांच्या डब्यात असायची, आणि तिथून हलवली की घरात रामायण व्हायचं.

गेल्या दोनेक वर्षांत त्याचं उजवं मनगट कुरकुरायला लागलं होतं. फार पूर्वी कारखान्यात पडून ते मोडलं होतं. आता होस्कोटे मागे पडलं की ॲक्सिलरेटरची मूठ पिळून धरलेल्या बोटांना मुंग्या यायच्या, पुढे बोटं आहेत की नाहीत तेच कळायचं नाही. डॉक्टरांनी गाडी सोडायला सांगितली. अण्णाने डॉक्टर सोडला. त्यातच एका रविवारी चित्राने आम्हाला तिच्या नव्या कारमधून मुळबागलला नेलं. हमरस्त्याला लागल्यावर तिने एक बटण दाबलं आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढून घेतला. गाडी आपली त्याच वेगाने चालत राहिली. मी सीटची कड धरून बसले. अण्णा मात्र पुढे वाकून तिच्या रिकाम्या पायाकडे बघत होता, परतीच्या वाटेवरसुद्धा. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

तीन आठवडे मागच्या खोलीतून कानशीची करकर ऐकू येत होती. त्यातून निघाली एक पितळी कडी. ती ॲक्सिलरेटरच्या मुठीवर बसायची आणि तिला एक चिमुकला खटका होता. खटका अंगठ्याने खाली ढकलला की तो ब्रेकच्या दांड्याला टेकायचा आणि मूठ आहे तिथेच राहायची, हात काढला तरी. कडी मुठीला किती घट्ट धरणार, ते एका लहानशा नटावर ठरायचं. “थ्रॉटल लॉक,” अण्णा म्हणाला, “पण कुलूप नव्हे हां. हाताने स्वल्प जोर दिला की सुटलंच पाहिजे. ब्रेक, क्लच सगळं आपल्याच ताब्यात.” गाडी स्टँडवर लावून त्याने मला पन्नास वेळा करून दाखवलं. खटका टेकवायचा, हात काढायचा, इंजिन त्याच सुरात गुरगुरत राहायचं. मला तो आवाज आवडला नाही. कोणाचा हात नसताना चालू असलेली कुठलीच गोष्ट मला आवडत नाही.

“एकदा मागे बसून बघ, तंगी,” तो म्हणाला. कन्नडमधली ही धाकटी बहीण त्याला काहीतरी हवं असलं की आठवायची. मी बसले, हा माझा मूर्खपणा. होस्कोटेच्या पुढे मोकळा रस्ता लागला तसा त्याने खटका टेकवला आणि उजवा हात उचलून माझ्या डोळ्यांसमोर बोटं नाचवली. “बघ, कशी जिवंत झाली!” असं तो वाऱ्यात ओरडून म्हणाला. त्याच्या खांद्यावरून मला ती रिकामी मूठ दिसत होती. समोर एका ट्रॅक्टरचा मागचा भाग मोठा मोठा होत चालला होता. त्याने सावकाश हात खाली नेला, खटका सोडला, ब्रेक लावला, सगळं रीतसर केलं. पण मधले जे दोन-चार श्वास होते, ते मी घेतलेच नाहीत. घरी आल्यावर मी त्याला नाही नाही ते बोलले. म्हातारपणी मरायची हौस असेल तर एकट्याने मर, असं म्हणाले. हे मी म्हणाले आहे, ते खोडता येत नाही.

त्यानंतर मला भाजी चिरतानासुद्धा ती रिकामी मूठ दिसायला लागली. शुक्रवारी दुपारी अण्णा पेन्शनच्या कामाला बँकेत गेला, तेव्हा मी त्याच्या डब्यातला पाना काढला आणि कडीचा तो नट अर्धा फेरा सैल केला. अर्धाच. कडी घसरेल, मूठ धरणार नाही, त्याला वाटेल आपली कारागिरी फसली आणि नाद सोडेल, असं माझं गणित. नट फिरला तशी लाल रेघ दुभंगली, ती मला दिसली. अण्णा सकाळी रेघा बघणार, त्याला ही तुटलेली दिसणार आणि मग माझी खैर नाही, हेही माहीत होतं. तरी मी पाना जागेवर ठेवून हात धुतले.

शनिवारी सकाळी तो टॉर्च घेऊन बाहेर गेला तशी मी न्हाणीघरात शिरले आणि नळ मोठा सोडून बसले. साठी उलटलेली बाई, पण वर्गात चोरी पकडली जाईल म्हणून लपलेल्या पोरीसारखी बसले होते. बाहेर आले तर तो हेल्मेट घालून तयार. रेघेचा विषयच नाही. चहाचा कप स्वतः विसळून ठेवला होता. फाटकापाशी तो म्हणाला, “आज स्वल्प सावकाशच जातो, इंदे. रिंग उशिरा आली तर देव पाण्यात घालू नकोस.” सरी, म्हणजे बरं, असं कन्नडमध्ये म्हणून मी फाटक लावलं. त्याने रेघ बघितलीच नाही, त्याच्या डोळ्यात उतरू लागलेल्या मोतीबिंदूने घात केला, असं मी स्वतःला सांगितलं, आणि त्या क्षणी, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मुळबागलच्या दोन रिंगा वीस मिनिटं उशिरा आल्या. पुढचं मी वर लिहिलं आहे.

परतताना, होस्कोटे यायच्या जरा आधी, मागून येणाऱ्या टेम्पोने त्याला उडवलं. पोलीस ठाण्यात मी आणि चित्रा गेलो तेव्हा टेम्पोवाला बाकावर बसून रडत होता. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, की म्हाताऱ्यांची गाडी एकदम हळू झाली, मला काही कळलंच नाही. एकदम हळू झाली... चित्रा त्याच्यावर ओरडली. मी भिंतीला टेकून उभी राहिले. कारण गाडी एकदम हळू का होते ते त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. खटका टेकवून माणूस विश्वासाने हात काढतो, कडी घसरते, मूठ झटकन मागे फिरते. हवालदाराने अण्णाच्या वस्तू टेबलावर मांडल्या. चष्मा, पाकीट, फोन, डोशाचं केळीच्या पानातलं पार्सल आणि नेलपॉलिशची बाटली. ती दोन बोटांत धरून त्याने आमच्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं. चित्रा म्हणाली, माझी आहे, द्या. मी काहीच विचार केला नाही. माझं डोकं त्या नटापाशी अडकलं होतं.

सात आठवडे अडकलेलंच होतं. अर्धा फेरा म्हणजे पूर्ण सैल नव्हे. जाताना कडीने धरलं असेल, हादऱ्यांनी येताना सुटलं असेल, अशी मांडामांड मी रोज करायचे आणि उत्तर रोज तेच यायचं. भेटायला येणारे म्हणायचे, त्यांची वेळ आली होती, अक्का. मी मान डोलवायचे. माझ्याजवळ राहायला आलेली चित्रा घट्ट मिठी मारून झोपायची तेव्हा मला वाटायचं, हिला कळलं तर ही माझ्या अंगाला हात लावेल का? गाडी पोलिसांकडून सुटून मुनिराजूच्या गॅरेजमध्ये पडून होती. हा मुनिराजू अण्णाचा जुना दोस्त, त्याचे दर आठवड्याला फोन यायचे. मी उचलत नसे. गाडी घरी आली की नट घरी येणार होता.

शेवटी एका मंगळवारी तो न विचारता ती टेम्पोत घालून घेऊन आला. मागचं चाक आणि सीट चेपली होती, पुढचा भाग जसाच्या तसा. मी दारातूनच म्हटलं, भंगारात टाक, मला बघायची नाही. मुनिराजू म्हणाला, “अक्का, एकच दाखवतो, मग नेतो.” त्याने डाव्या हँडलवरचं बटण दाखवलं. इंडिकेटर डावीकडे वळलेला होता. “अण्णा बाजूला घेत होते, थांबायला. हात भरून आला की ते झाडाखाली थांबून बोटं झटकायचे, ही कडी व्हायच्या आधीची त्यांची सवय. टेम्पोवाल्याने इंडिकेटर बघितला नाही.” मी विचारलं, कडी असताना तो हात झटकायला कशाला थांबेल? मला वाटलं, आता हा बोलणार, की कडी सैल होती. मी दाराची चौकट धरली.

तो म्हणाला, “तेच मला कळेना. नट सैल आहे, पण रेघ तर त्यांचीच आहे.”

मग मी पायऱ्या उतरले. चष्मा पुसला. मूठ, कडी, तो लहानसा नट. जुनी रेघ दुभंगलेली तशीच होती, अर्धी नटावर, अर्धी कडीवर, एकमेकींपासून दूर. आणि तिच्या शेजारी एक नवी रेघ होती, ताजी, चकचकीत, एका दमात ओढलेली. नट जिथे मी आणून ठेवला होता, बरोबर तिथेच. त्याने तो आवळला नव्हता. पाना त्याच्याजवळ होता, अर्ध्या मिनिटाचं काम होतं, पण त्याने नट माझ्या जागी राहू दिला आणि त्यावर आपली रेघ ओढून बाटली घाईत खिशात घातली. म्हणून सावकाश जातो म्हणाला. म्हणून कप विसळला.

मी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. कडी घट्ट असती तर त्याला झाडाखाली थांबावं लागलं नसतं, आणि टेम्पो आपल्या वाटेने निघून गेला असता. हे मी चित्राला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती उठून अंगणात गेली आणि गुडघ्यावर बसून ती रेघ बघत राहिली. मला अजून भीती वाटते. फोन वाजला की तिसऱ्या रिंगेची वाटते. पण त्याला मी फसवून पाठवलं, ही भीती आता नाही. त्याला सगळं माहीत होतं.

गाडी भंगारात दिली नाही. ती अंगणात जिन्याखाली उभी आहे. शनिवारी सकाळी मी टॉर्च घेऊन तिच्याभोवती उकिडवी बसत फिरते, गुडघे दुखतात, आणि सगळ्या रेघा बघते. शेवटी कडीचा खटका टेकवते आणि मुठीवरचा हात काढते. मूठ धरत नाही, लगेच मागे फिरते.