न बिघडणाऱ्या पंपाचे नाना

वहिनींचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या एका कॉलेजात ‘ग्रामीण पाणी आणि लोकसहभाग’ या विषयावर बोलत होतो. समोर चाळीसेक मुलं, त्यातली निम्मी झोपलेली. खिशात फोन तीनदा थरथरला, तरी मी वाक्य पूर्ण केलं. माझी वाक्यं लांब असतात, घरातले सगळेच म्हणतात. बाहेर येऊन फोन लावला, तर वहिनी एवढंच म्हणाल्या, “नाना ग्यात. पाइप आजून बाहेरच पडेल शेतस...”

नाना गेले, त्याला आता दीड महिना झाला.

नाना माझे थोरले मावसभाऊ. शिंदखेडा तालुक्यातल्या सात गावांचे हातपंप ते सांभाळायचे. दुरुस्त करायचे असं म्हणत नाही, कारण त्यांची रीत निराळी होती. माघात, ऊन तापायच्या आत, दोन जोडीदार आणि तीन पायांचं तिकाटणं घेऊन ते गावोगाव जायचे. चांगल्या चालत्या पंपाचे पाइप उपसून काढायचे, वायसर बदलायचे, दांडे घासून पुन्हा आत सोडायचे. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात पंप बंद पडतच नसे. सुगीला घरटी पायलीभर बाजरी त्यांना यायची, ती पंप न बिघडल्याबद्दल. कॉलेजात असताना मीही एकदा हौसेनं मदतीला गेलो आणि पान्हा बोअरमध्ये टाकून आलो. अर्धा दिवस गळ टाकून नानांनी तो काढला आणि मावशीला सांगितलं, हा पुढे शिकलेलाच बरा.

मी शिकलो. इंग्रजी येतं म्हणून धुळ्याच्या एका संस्थेत लागलो. तिला परदेशातून पैसा यायचा. त्या पैशातून सातही गावांत उन्हावर चालणारी पाणी शुद्ध करायची यंत्रं बसली. निळी टाकी, चकचकीत नळ, सगळं फुकट. संस्थेची टोपी मला मोठी व्हायची, कानांवर उतरायची, तरी मी ती लग्नाकार्यातसुद्धा घातली. पाहणीला तिकडच्या एक बाई आल्या. भल्या बाई. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी ‘छान’ म्हणाल्या. त्यांनी विचारलं, हातपंप वर्षात किती वेळा बिघडतो? गावातली एक म्हातारी म्हणाली, एकदाही नाही. मग पंपवाल्याला धान्य कशाचं देता, असं बाईंनी विचारलं. मी प्रश्न मराठीत केला तेव्हा म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं, की अडाणी मीच.

“बिघडत नही म्हनीसन तं देतस.”

मी ते बाईंना सांगितलं. त्या हसल्या, म्हणून मीही हसलो. अहवालात ‘वाचलेला खर्च’ असा एक रकाना होता. त्यात मी माझ्या हातानं नानांना लिहिलं. मग गावोगावच्या बैठकांत सांगत सुटलो, आता सगळं फुकट आहे, बाजरी कशाला देता? लोकांनी ऐकलं. माझं कुणी ऐकण्याची ती पहिलीच वेळ.

नाना चिडले नाहीत. “सुन्या, तुनी इंग्रजी चांगली शे,” एवढंच म्हणाले. जोडीदार सुरतेला गेले. नाना धुळ्यात कापसाच्या एका जिनिंगच्या गेटवर राखणीला खुर्ची टाकून बसू लागले.

खोटं कशाला बोलू, ते पाणी स्वच्छ होतं. लेकरांचे जुलाब थांबले होते. पण काही वर्षांनी तिकडच्या सरकारचं मन फिरलं आणि निधी थांबला. संस्थेच्या दाराला कुलूप लागलं. मी त्याआधीच जळगावला येऊन भाषणं देऊ लागलो होतो. मग एकेक यंत्र बंद पडत गेलं. त्यांचे सुटे भाग समुद्रापलीकडून यायचे, ते आता कोण पाठवणार? हातपंप तर वापराविना आतून गंजून गेलेले. लोक पुन्हा नानांच्या दारात आले. सदुसष्टाव्या वर्षी नाना गेटवरची खुर्ची सोडून निघाले. दोन गावं झाली. तिसऱ्या गावात मदतीचे हात नवखे होते. पाइप निसटायला लागला तेव्हा नानांनी तो एकट्यानं अंगावर पेलून बाहेर घेतला. मग जरा बसतो म्हणाले आणि लिंबाला टेकले...

बाहेरचा पैसा गावात कसा पोचवावा, यावर मला अजूनही बोलायला बोलावतात. काय बोलू? पैसा आला तेव्हा सात गावांत पाणी राखणारी एक रीत होती. पैसा गेला तेव्हा ती नव्हती. मधल्या काळात मी होतो.

गेल्या आठवड्यात वहिनींकडे गेलो. नानांचा फोन त्या अजून रोज चार्जिंगला लावतात, देव्हाऱ्याच्या बाजूला. तो वाजतो. वहिनी उचलत नाहीत, नुसत्या बघत राहतात. त्या दिवशी मी उचलला. राहिलेल्या चार गावांपैकी एका गावातली बाई होती. आमचा पंप तसाच पडलाय, नाना कधी येणार, असं विचारत होती. नाना गेले, हे काही माझ्या तोंडून निघेना. काहीतरी बोलायचं म्हणून जुन्या सवयीनं मी विचारलं, सध्या पाणी किती लांबून आणावं लागतं?

“ते ईचारीसन काय करशात?” ती म्हणाली. “तुम्ही येशात का?”