किडनी नांदतेय ना?

आमच्या वहिनी बुरशीच्या डॉक्टर आहेत. हे ऐकलं की समोरचा हमखास विचारतो, "बुरशीच्या म्हणजे? पावावर येते त्या?" पूर्वी वहिनी नीट समजावून सांगायच्या. आता "हो, पावावरच्या" म्हणतात आणि चहाचा कप जवळ ओढतात. दमलेल्या माणसाला खुलासे परवडत नाहीत.

खरं काम वेगळंच. दुसऱ्याची किडनी बसवली की शरीर तिला परकी समजून हाकलायला बघतं. म्हणून त्या माणसाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम खाली ठेवतात. तुमच्या-आमच्या अंगाला ज्या बुरशा विचारतही नाहीत, त्या अशा माणसाकडे येऊन बिऱ्हाडच मांडतात. त्या ओळखायच्या कशा, आणि किडनीला धक्का न लावता घालवायच्या कशा, हे वहिनींचं संशोधन. त्यात बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो, कारण बुरशी प्रयोगशाळेतल्या बशीत उगवायला आठवडे घेते. "अर्धं आयुष्य 'उगव गं बाई' म्हणण्यात गेलं," वहिनी म्हणतात, "आणि उरलेलं 'मर गं बाई' म्हणण्यात."

तर अशातच त्यांच्याकडे एक शिंपीणबाई आल्या. सोबत थोरली बहीण. (दोघींनी मला हे लिहायची परवानगी दिली आहे. "फक्त आमची वजनं लिहू नका," एवढीच अट.) धाकटीला किडनी थोरलीनं दिलेली. पण दिली म्हणजे सुटली, असं थोरलीला कधी वाटलंच नाही. लेक सासरी दिल्यासारखी ती दर तपासणीला हजर, आणि खोलीत पाऊल टाकताच पहिला प्रश्न, "काय डॉक्टर, नांदतेय ना आमची?"

"नांदतेय हो," वहिनी म्हणायच्या.

"हिचा भरवसा नाही. लहानपणी माझी बाहुलीसुद्धा हिनं मोडली होती."

"एकदा मोडली, तर जन्मभर ऐकतेय मी," धाकटी म्हणायची.

या वेळी धाकटीच्या नडगीवर गाठ आली होती. दुखत नव्हती, पण वाढत होती. त्यातला पू बशीत रेघ ओढून लावला आणि काही आठवड्यांनी काळी बुरशी उगवली. आता प्रयोगशाळेचा साधा नियम असा, की रेघेवर उगवली तर पेशंटची, रेघेबाहेर उगवली तर हवेतून पडलेली. ही अर्धी रेघेवर आणि अर्धी बाहेर. त्यातून शेजारच्या इमारतीत तोडफोड चाललेली, सगळीकडे धूळ. वरिष्ठ म्हणाले, "कचरा आहे, टाकून द्या." वहिनींना टाकवेना. चुकून औषध दिलं तर किडनीला त्रास, आणि चुकून नाही दिलं तर बुरशी रक्तातून कुठे जाईल ते सांगता येत नाही. शेवटी ठरलं, अख्खी गाठ काढून तपासायची.

"पुन्हा कापणार?" धाकटी म्हणाली. "मी काय उरलेलं कापड आहे?"

"माझं एवढं कापलं तेव्हा मी बोलले का काही?" थोरलीनं कुशीवर हात ठेवला. विषय संपला.

गाठीच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी धागे सापडले. हवेतला कचरा कातडीच्या आत जाऊन धागे विणत नाही. म्हणजे खरंच बुरशी, आणि तीही क्वचित आढळणारी. त्या संध्याकाळी वहिनी घरी येऊन खुर्चीत बसल्या त्या चप्पल काढायचंही विसरल्या. "सापडली," म्हणाल्या. "सापडली की आधी आनंद होतो रे. मग ज्या माणसात सापडली तो आठवतो, आणि झालेल्या आनंदाची लाज वाटते."

औषध सुरू झालं. बुरशीच्या गोळीची एक खोड असते. ती आली की किडनी टिकवायची गोळी रक्तात साचत जाते, आणि साचली की जिला टिकवायचं त्या किडनीवरच उलटते. म्हणून किडनीची गोळी अर्धी करायची. वहिनींनी दोघींना समजावून सांगितलं, चिठ्ठीवर लिहूनही दिलं. दोघींनी माना डोलावल्या.

पुढच्या तपासणीला रक्ताचा रिपोर्ट वाईट आला. किडनी थकत चालली होती. आता बुरशीचं औषध थांबवावं तर बुरशी परतणार, चालू ठेवावं तर किडनी जाणार. वहिनी रिपोर्ट पुन्हा वरपासून वाचू लागल्या.

"नांदतेय ना?" थोरलीनं विचारलं. या वेळी आवाज लहान होता.

उत्तर द्यायचं टाळायला म्हणून वहिनींनी धाकटीला विचारलं, "बाकी काय म्हणता? शिवणकाम?"

"कसलं शिवणकाम! सुईत दोराच जात नाही. हात असे थरथरतात." तिनं बोटं पुढे धरली. खरंच थरथरत होती.

वहिनी सावरून बसल्या. किडनीची गोळी रक्तात साचली की हात थरथरतात.

"गोळ्या कोण देतं?"

"ही. माझ्यावर विश्वास नाही ना तिचा. बाहुली!"

वहिनींनी थोरलीकडे पाहिलं. "अर्धीच देताय ना?"

थोरली पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. मग एकदम म्हणाली, "पूर्ण देते. किडनी बसवली त्या दिवसापासून इथला प्रत्येक माणूस सांगतोय, ही गोळी चुकवायची नाही, कणभर कमी करायची नाही, नाहीतर किडनी गेली समजा. तुम्हीसुद्धा सांगितलंत. आणि आता म्हणता अर्धी करा! मला वाटलं, पाय वाचवायच्या नादात माझी किडनी विसरले हे लोक. जिवावर आलं हो माझ्या."

"आणि मला सांगितलं नाहीस?" धाकटी ओरडली.

"सांगितलं असतं तर तू अर्धीच खाल्ली असतीस!"

वहिनी रागावल्या नाहीत. त्या म्हणतात, रागवायला अंगात बळ लागतं. पण मला वाटतं, 'कणभर कमी करायची नाही' हे थोरलीच्या डोक्यात घण घालून बसवणाऱ्यांत आपणही होतो, हे त्यांना तिथल्या तिथे उमगलं असावं. त्यांनी खुर्ची थोरलीजवळ ओढली. "औषध साचलंय रक्तात," म्हणाल्या. "आता ही गोळी थोडे दिवस बंद, मग अर्धी. आणि रक्त मी स्वतः बघणार. तुमची किडनी मी विसरलेले नाही."

पुढचे काही महिने रक्त तपासणं आणि थांबणं. थरथर गेली. गाठीची जागा कोरडी झाली आणि कोरडी राहिली. किडनी सावरली, पण पूर्वीसारखी नाही. जे थोडं गेलं ते गेलंच. वहिनी हे लपवत नाहीत. आता प्रत्येक नव्या पेशंटला गोळी अर्धी करायला सांगताना त्या आधी विचारतात, "घरात गोळ्या कोण देतं? त्यांना आत बोलवा." त्यात ओपीडी लांबते आणि जेवण राहून जातं.

परवा दोघी आल्या होत्या. धाकटीनं दारातच सुईत दोरा ओवून दाखवला. थोरलीचा प्रश्न तयारच होता.

"नांदतेय," वहिनी म्हणाल्या. "पण कुरकुरत नांदतेय."

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं, मग डोळे चोळणाऱ्या वहिनींकडे. पिशवीतला डबा काढून त्यांच्यापुढे ठेवत ती म्हणाली, "कुरकुर न करता कोण नांदतं हो? खा आधी."