तळहातांची तपासणी

मागच्या वर्षी दिवाळीनंतर काम सुरू झालं त्या सकाळी, धूळही चालत नाही अशा क्लीनरूमच्या दारात, आत जायला थांबलेल्या सहकाऱ्यांसमोर माझे तळहात पांढऱ्या कापडाने पुसण्यात आले. पुसणारी मुलगी नवी प्रशिक्षणार्थी होती. विभागप्रमुखांनी तिला ते कापड हुंगायला सांगितलं. तिने हुंगलं.

"काय येतंय?" त्यांनी विचारलं. "सुकट, की नुसतं मीठ?"

लोक हसले. मीही हसले.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. पीएचडी मटेरियल्समध्ये. काशीगावाजवळ, हायवेला लागून असलेल्या एका खासगी संशोधन केंद्रात मी दाब मोजणारे सूक्ष्म सेन्सर बनवत होते. सिलिकॉनच्या चकतीत केसाहून पातळ पडदा कोरायचा. दाब पडला की तो वाकतो. ते वाकणं विजेच्या आकड्यात वाचायचं. सेन्सर नवजात बाळांच्या श्वासयंत्रासाठी होते. दिवाळीआधीची अख्खी खेप बिघडली. दाब नसतानाही सेन्सर दाब दाखवत होते.

असं झालं की पहिला संशय क्षारांवर जातो. सोडियम भट्टीत पोचलं की चकतीवरच्या काचेसारख्या थरात शिरतं, आणि आकडा सरकत राहतो. घामात सोडियम असतं. म्हणून आत जाणारा प्रत्येक जण हातमोज्यांवर हातमोजे घालतो. मीही घालत होते.

पण मी जवळच्याच, खाडीकाठच्या राई गावची. आगरी. आजोबा मिठागरावर राबले, हे रुजू झाले तेव्हा ओळख करून देताना मीच सांगितलं होतं.

"अगं, तुमच्या पिढ्या मिठात मुरल्यात," प्रमुख म्हणाले. "मोजे काय करणार?"

आत जाण्याआधी तळहात पुसून घ्यायचे, असा नियम झाला. फक्त माझ्यासाठी. बेव्हर्ली पार्कच्या फ्लॅटमध्ये राहणारा एक सहकारी जेवताना म्हणायचा, "मॅडम, नमक पास करना. अरे सॉरी, आप तो खुद ही नमक हो."

पुढची खेप प्रमुखांनी मला बाहेर ठेवून करून घेतली. त्या काळात मी क्लीनरूममध्ये पाऊल टाकलं नाही. ती खेपही तशीच बिघडली. मग कारण सापडलं. पडदा कोरायला पोटॅशियमचं द्रावण वापरतात. त्यातून काढलेली चकती आम्लाने धुतल्याशिवाय भट्टीत घालायची नसते. तोच सहकारी घाईत नुसत्या पाण्याने धुऊन घालत होता. पोटॅशियमही सोडियमसारखंच वागतं.

बैठकीत प्रमुख त्याला म्हणाले, "होतं असं. पुढे जाऊ."

दुसऱ्या दिवशी ती मुलगी दारात कापड घेऊन उभीच. मी प्रमुखांकडे पाहिलं.

"चालू दे ना," ते म्हणाले. "सवय झालीय आता सगळ्यांना."

मी हात पुढे केले.

घरी आईला एवढंच माहीत होतं की माझ्या कामात मीठ चालत नाही. एका रविवारी ती गच्चीवर माझे कपडे दोरीवरून काढत होती. तिने दोन्ही हातांत दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवल्या होत्या. मनगटाशी रबरबँड.

"आई, हे काय?"

"सकाली मासली साफ केली ना. माज्या हाताचा काय लागला तुज्या कपऱ्यांना, त तुजी नोकरी न्हाय ऱ्हायाची."

मी पिशव्या ओढून काढल्या. मनगटावर वळ उठले होते.

सोमवारी मुलीने कापड पुढे केलं. मी हात मागे घेतले.

"मॅडम, प्लीज. सर मला ओरडतील."

"बोलाव त्यांना."

ते आले. मी म्हणाले, "आधी तुमचे पुसा. मग ह्याचे, ज्याने चकत्या आम्लाने धुतल्या नाहीत. मग माझे."

"तमाशा नको. आत जायचंय की नाही?"

"जायचंय. हात देणार नाही."

"मग घरी जा. मिठागरावर जागा असेल."

ते वाक्य मी सगळ्यांना ऐकू जाईल असं जसंच्या तसं परत म्हटलं. विचारलं, "हेच म्हणालात ना?" दुपारी मी व्यवस्थापनाकडे तक्रार दिली.

चौकशीत प्रशिक्षणार्थी मुलीने काहीच पाहिलं नाही असं सांगितलं. सहकारी म्हणाला, मस्करी होती. तक्रार मागे घेतली तर दुसऱ्या विभागात सामावून घेऊ, असं व्यवस्थापनाने कळवलं. मी नकार दिला. तेव्हापासून मला क्लीनरूममध्ये प्रवेश नाही. सेन्सर माझ्याच आराखड्यावरून बनतायत.

चौकशी बंद दाराआड नको, उघड व्हावी, अशी मागणी मी केली आहे. तक्रार कायम आहे.