भिंतीवर लागलेली मतदारयादी

मतदारयादीचं काम ज्यानं एकदा केलं, त्याच्याकडं किस्से आपोआप साठत जातात. आम्ही बीएलओ, म्हणजे घरोघर फिरून यादी दुरुस्त करणारे मास्तर आणि अंगणवाडीताई, तहसीलच्या मीटिंगनंतर टपरीवर बसलो की हेच चालू. आता हसतो. तेव्हा मात्र दाराच्या आत अन् बाहेर, दोन्हीकडं भीतीच असती.

वाटूरकडचे आमचे शिंदे सर. त्यांनी एका म्हाताऱ्याचं दार वाजवलं. निराधार योजनेचा पगार बंद करायला साहेब आला, असं वाटून म्हातारा आतून म्हणाला, "घरात कोणी न्हाई." बरं, मंग 'आढळले नाहीत' असं लिहून जातो, म्हणाले सर. कडी लगेच निघाली. "हाये! जित्ता हाये, आधी तेवढं लिवा."

एका अंगणवाडीताईंना एका घरातल्या वारलेल्या सासूचं नाव कमी करायचं होतं. सुनेनं अर्ज घेतला, पण सही करीना. का गं, म्हणून विचारलं तर भिंतीवरच्या फोटोकडं बघत हळूच म्हणाली, "मी काटलं हे आत्याबाईंना कळलं तर?" ताई सांगतात, त्यांनीही एकदा फोटोकडं बघून घेतलं. सही शेवटी लेकानं केली.

माझ्या भागात ऊसतोडीला गेलेलं एक घर. कुलूप बघून मी फोन लावला, राहता कुठं एवढंच विचारलं. नाव कटंल म्हणून माणूस घाबरून दुसऱ्या दिवशी टेम्पो धरून आला, अंगावर उसाचं पाचट तसंच. दारात उभा राहून म्हणाला, "बघा सर, मी." आणि आल्या पावली परत गेला.

शेवटचा किस्साही माझाच.

शिवणकाम करणारी एक बाई. सविता म्हणू, खरं नाव नको. हसनाबादचं सासर सोडून वडीगोद्रीत खोली करून राहत होती. इथं नाव लागलं की तिकडचं कटतं का, तिनं विचारलं. मी हो म्हणलो.

"कटलं की नवऱ्याला कळंल, मी दुसरीकडं नाव लावलं. येईल शोधत." मंग म्हणाली, "तरी लावा."

अर्जात तिनं नवऱ्याऐवजी वडिलांचं नाव लिहिलं. नियमात तेही बसतं.

कच्ची यादी शाळेच्या भिंतीवर लागली. एका दुपारी एक अनोळखी माणूस येऊन यादीवर बोट फिरवू लागला. गाव विचारलं. हसनाबाद, म्हणाला.

त्याचं बोट प्रत्येक बाईच्या चौकटीत 'पतीचे नाव' या ओळीवर टेकत होतं. सविताचं पान आलं. तिच्या चौकटीत ती ओळच नव्हती, 'वडिलांचे नाव' होतं. बोट तिच्या नावावरून तसंच पुढं गेलं.

शेवटचं पान संपलं. मी कसंबसं विचारलं, "कोणाचं नाव शोधता?"

"माझंच," तो म्हणाला.